ट्यूबलेस टायरमधून हळूहळू हवा जाते, उन्हाळ्यात कोणी पक्का इलाज केलाय का?

सातपुडा_२९
नमस्कार मंडळी. मी जळगावचा. माउंटन बाइक २९ इंची, टायर २.२५, दोन्ही चाकं ट्यूबलेस. दिवाळीच्या सुमाराला दुकानातून ट्यूबलेस करून घेतली आणि सगळी थंडी सुरेख गेली. सराटे, बोरीचे काटे, बाभूळ, काहीही घुसलं तरी चाकानं पचवलं. पण मार्च सरला आणि मागचं चाक रुसलं. रात्री हवा २६ पीएसआय (दाबाचं माप) भरतो, सकाळी गेज लावला की १३-१४. काटा सापडत नाही, टायर कुठं चिरलेला नाही, आतलं सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) बाहेर आल्याचा डागसुद्धा नाही. दुकानात सांगितलं, अजून सीलंट टाका. टाकलं. थोडे दिवस बरं चाललं, परत तेच.

आपल्याकडे आता ऊन चढायच्या आत जाऊन यावं लागतं. पहाटे अंधारात निघून किनगाव, आडगाव करत मनुदेवी गाठायची, तर सुरुवातच पंप मारण्यात जाते. आणि वाटेत हवा आणखी उतरली तर रिम दगडावर आपटते ती वेगळीच.

हवा नेमकी कुठून जात असेल? ज्याचा सल्ला लागू पडेल त्याला थंडीत आमच्या मळ्यात भरीत पार्टी. कळण्याच्या पुऱ्यांसकट.

भुसावळकर
ट्यूब टाका आणि निवांत झोपा.

पांझरेकाठचा
भुसावळकर भाऊ, धुळ्यात येऊन लळिंगच्या पायथ्याला ट्यूबवर एक चक्कर मारून दाखवा. तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ आहे. तिचा वाळका काटा सरळ आत जातो. ट्यूब असली की एका काट्याला एक पंक्चर, आणि खाली बसून ठिगळ लावताना शेजारी दुसरा काटा वाट पाहत असतो. शिवाय ट्यूब टाकून २५ पीएसआयवर दगडावरून गेलं की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. ती टाळायला हवा जास्त भरायची, मग मुरमाड उतारावर पकड जाते. आपल्या भागात ट्यूबलेसला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. फक्त त्याची निगा ठेवावी लागते.

भुसावळकर
मत मान्य, पण निगा ठेवायला वेळ लागतो हो. मी कामावर सायकलनं जातो. ट्यूबवाल्याची हवा महिनाभर टिकते.

अहिराणी_माणूस
भाऊ, आपली अहिराणीमा सांगस. हवा कथाईन जाई ऱ्हायनी ते पयले देख, मंग पैसा खर्च कर.

टायरवाले_बापू
आमचं हायवेवर टायरचं दुकान आहे, वडिलांपासून. ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकल सगळं येतं. सायकल ट्यूबलेस हल्ली हल्ली यायला लागली, पण एक गोष्ट सांगतो म्हणजे मंडळींचा गोंधळ कमी होईल.

मोटारसायकलच्या ट्यूबलेसला बहुधा अलॉयचं चाक असतं. त्या रिमला स्पोकची भोकं नसतात. वर टायरच्या आतून ब्यूटाइल रबराचा जाड थर दिलेला असतो, तो हवा धरून ठेवतो. म्हणून त्यात सीलंट नसलं तरी चालतं. सायकलच्या रिमला २८ किंवा ३२ भोकं. ती सगळी एका पातळ टेपनं झाकलेली. टायर हलका ठेवायचा म्हणून त्याच्या बाजूच्या भिंतीही पातळ. म्हणजे सायकलच्या ट्यूबलेसमध्ये हवा तीन गोष्टींनी धरलेली असते: टेप, व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर आणि सीलंट. तिन्हींतलं एक जरी ढिलं पडलं तरी हवा उतरणार. काटा लागायलाच पाहिजे असं नाही.

१९९९ साली माव्हिक कंपनीनं यूएसटी नावाची पद्धत आणली होती. तिच्यात रिमला आतून भोकंच नव्हती आणि टायर जाड होता, त्यामुळं सीलंट न टाकताही चालायचं. वजन वाढतं म्हणून पुढं सगळे टेप आणि सीलंटकडं वळले. आज ज्याला ट्यूबलेस रेडी म्हणतात तो टायर सीलंट धरूनच बनवलेला असतो.

गिरणाकाठची
बापूंनी फार नेमकं सांगितलं. मी चाळीसगावची, पाटणादेवी आणि गौताळ्याच्या कडेकडेनं चालवते. सातपुडा भाऊ, आधी आणखी सीलंट अजिबात टाकू नका. सीलंट काट्याच्या छिद्राला चांगलं. टेप सुटली असेल तर ते टेपखाली शिरतं आणि टेप आणखी उचलतं. म्हणून "थोडे दिवस बरं, मग परत तेच" असं होतं.

मी असं शोधते. चाक सायकलवरून काढायचं, हवा भरायची, ३० पीएसआयपर्यंत, टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. भांड्यांचा साबण पाण्यात घट्ट कालवायचा आणि ब्रशनं लावत जायचं. पहिल्यांदा व्हॉल्व्ह: वरच्या तोंडाशी फुगे आले तर आतला कोअर (व्हॉल्व्हमधला फिरवून काढता येणारा भाग) ढिला किंवा सीलंटनं चोंदलेला. नटाच्या बुडाशी आले तर रबर नीट बसलेलं नाही. मग टायरची कड, म्हणजे रिममध्ये बसते ती, दोन्ही बाजूंनी, पूर्ण फेरी. मग भिंती. शेवटी स्पोकचे निपल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) एकेक. हातावर वेळ असेल तर मोठ्या टपात चाक उभं बुडवून हळूहळू फिरवा. बारीक फुगेही दिसतात, पण एका जागी पाण्यात मिनिटभर तरी थांबा. हळू गळतीचे फुगे घाईत दिसत नाहीत.

आता महत्त्वाचं. एखाद्या निपलपाशी फुगे आले म्हणून टेप तिथंच फाटली असं समजू नका. रिम आतून पोकळ असते. टेप व्हॉल्व्हपाशी सुटली तरी हवा रिमच्या पोकळीत शिरते आणि जिथं वाट मिळेल तिथून बाहेर पडते. कधी चाकाच्या पार पलीकडच्या निपलमधून, कधी रिमच्या सांध्यातून. निपलमधून हवा आली याचा अर्थ एवढाच की गळती टेपखालून आहे, कड किंवा भिंतीतून नाही. मग टेप बदलायचीच.

मुक्ताईनगरचा_मुलगा
हे निपलचं मला माहीतच नव्हतं ताई. आमच्या ग्रुपमध्ये एकानं फुगे आलेल्या निपलवर बाहेरून एमसील लावलं होतं. मग शेजारच्या निपलमधून हवा यायला लागली. त्यालाही लावलं. पुढचे दोन महिने तो स्पोक सरळ करू शकला नाही.

गिरणाकाठची
बाहेरून काहीच लावायचं नाही. दाब आतून येतो, तो बाहेरचा लेप ढकलून टाकतो.

रावेर_केळी
माझा एक प्रश्न. पंपावर नायट्रोजन भरून घेतला तर गळती कमी होते का? कारमध्ये भरतात.

टायरवाले_बापू
साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. टेप सुटलेली असेल तर नायट्रोजनही त्याच वाटेनं जाईल. पैसे वाचवा, केळीला खत घाला.

रावेर_केळी
केळीला खत घालून झालं बापू, म्हणून तर पैसे उरले नाहीत.

पुण्याहून_विनय
खान्देशी मंडळींचा उन्हाळा लक्षात घ्या. लॅटेक्सचं सीलंट म्हणजे रबराचा चीक. त्यातलं पाणी उडालं की चीक गोठतो. थंड हवेत ते चार-सहा महिने टिकेल, पण ४३-४४ अंशांत आणि कोरड्या हवेत त्याहून खूप लवकर सुकतं. दिवाळीत टाकलेलं मार्चपर्यंत सुकलं असेल तर नवल नाही. कोअर काढून व्हॉल्व्हमधून बारीक काडी किंवा केबल टाय आत घालून बघा, किती ओलं लागतं. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला ठेवायचा म्हणजे काडी थेट सीलंटच्या तळ्यात जाते. हवा सोडताना मात्र व्हॉल्व्ह वर ठेवा, नाहीतर चीक तोंडावर.

सातपुडा_२९
विनय दादा, काडी घालून पाहिली. टोकाला जेमतेम ओल. बाकी वाळक्या पापुद्र्याचे तुकडे. पण मी तर मध्ये भर घातली होती, ते गेलं कुठं? रविवारी ताईंच्या पद्धतीनं टपाची परीक्षा घेतो.

पांझरेकाठचा
बहुतेक टेपखाली गेलं असेल.

एक सूचना: सीलंटची बाटली घरात थंड जागी ठेवा, गाडीच्या डिकीत नाही. आणि सायकल उन्हात टेकवून ठेवू नका. दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभी केलेली सायकल आणि माठाच्या खोलीतली सायकल, दोन्हींच्या सीलंटमध्ये फरक पडतो. टाकण्यापूर्वी बाटली खूप हलवा, कारण छिद्र बुजवणारे बारीक कण तळाशी बसतात. ते बाटलीतच राहिले तर टायरमध्ये नुसतं पांढरं पाणी जातं.

चोपडा_रायडर
मी स्कूटरचं सीलंट टाकलं होतं. स्वस्त पडतं. हिरवं, घट्ट, त्यात धागे असतात. चालतं की.

गिरणाकाठची
दादा, ते जड असतं आणि सायकलच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकतं. टायरच्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांना पातळ लॅटेक्स भिजवून बुजवतं, ते काम घट्ट सीलंट तितकं करत नाही. आणि दोन प्रकार कधी मिसळू नका, गुठळ्या होतात. वापरायचं असेल तर टायर आतून पूर्ण पुसून मग वापरा.

चोपडा_रायडर
पुसायचं म्हणता, ते मला आवडत नाही. पण मिसळलेलं नाही, एवढं नक्की. उनपदेवच्या रस्त्यावर अजून तरी साथ दिलीय. पुढच्या वेळी लॅटेक्स घेऊन बघतो.

अहिराणी_माणूस
धागा काट्याविना कसा पुरा व्हई? सराटा लागला की उपटायचा की ठेवायचा, हे सांगा कोणी.

पांझरेकाठचा
भाऊ, सीलंट ताजं असेल तर उपटायचा आणि छिद्र खाली करून चाक फिरवायचं. फुस्स झालं की चीक येतो आणि बंद होतं. ठेवलेला काटा वाईट. दर फेरीला तो हलतो, छिद्र मोठं होतं आणि सीलंटची गाठ बसत नाही. सराट्याचं टोक आत मोडून राहतं ते जास्त छळतं. बाहेरून काही दिसत नाही आणि हवा मात्र जात राहते. पावसाळा संपला की शेताच्या बांधावर सराटे वाळतात, तेव्हापासून टायर आतून बोटानं चाचपण्याची सवय ठेवावी. बोटाला कापड गुंडाळून.

सीलंट वाळलेलं असेल आणि घर दूर असेल तर मात्र काटा तसाच ठेवून घरी यायचं. हा एकच अपवाद.

नंदुरबारी
तोरणमाळला गेलं की दोन्ही प्रकार भेटतात, वर गवतात काटे आणि घाटात टोकदार दगड. साधारण ११५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळं उतारही लांबच लांब. तिथं मागच्या टायरला दगडानं चीर पडली होती, सीलंट पिचकारीसारखं उडालं. रबराची पट्टी, ती मोटारसायकलवाले टोच्यानं घालतात तशीच पण बारीक, ती घातली तेव्हा थांबलं.

पुण्याहून_विनय
पट्टी कायम सोबत ठेवावी. आणि कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तो वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. शिवाय सुटताना इतका गार असतो की काही लॅटेक्स सीलंट त्यानं आतच गोठतं. वाटेत वापरली तर घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरा. बऱ्याच जणांची "हळू गळती" एवढीच असते.

सातपुडा_२९
मंडळी, टपाची परीक्षा झाली. निकाल सांगतो.

टायरची कड: एकही फुगा नाही. भिंती: कोरड्या. व्हॉल्व्हच्या नटाशी: बारीक फुगे, अगदी मोहरीएवढे. आणि व्हॉल्व्हच्या जवळजवळ समोरच्या बाजूला एका निपलमधून सतत ओळ. ताई, तुम्ही लिहिलं तसंच अगदी.

टायर उतरवला. व्हॉल्व्हच्या छिद्रापाशी टेप सुरीनं फुलीसारखी कापलेली होती आणि त्या कापाची एक रेघ पार रिमच्या कडेकडे फाटत गेलेली. टेपखाली पांढरा चीक गोठून बसलाय, बोटभर लांब. भरीचं सीलंट तिथं गेलं. शिवाय टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा अरुंद आहे, एका बाजूला भोकाची कड जेमतेम झाकलीय. आता नवी टेप लावायचीच. कशी लावू ते सविस्तर सांगा, दुकानात परत जायची इच्छा नाही.

गिरणाकाठची
वा, शाब्बास. आता घाई नको.

टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलिमीटर जास्त घ्या, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी थोडी वर चढते. जुनी टेप आणि चिकट अवशेष पूर्ण काढा. मग औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट कापडावर घेऊन रिम पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हातांचं तेलसुद्धा लागू देऊ नका. टेप कुठं सुटते याचं कारण बहुतेक वेळा इथंच असतं.

सुरुवात व्हॉल्व्हच्या छिद्रापासून वीतभर अलीकडून करा. टेप ताणून लावा, इतकी की ती रिमच्या खोलगट भागात स्वतःहून बसेल. फेरी पूर्ण झाली की छिद्रावरून पुढं वीतभर नेऊन मगच कापा, म्हणजे छिद्रावर दुहेरी थर येतो. नंतर अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत हवेचे फुगे बाहेर काढा.

छिद्राला सुरी लावू नका. खिळा गॅसवर तापवून छिद्राच्या मधोमध टेकवा. गोल, वितळलेल्या कडेचं भोक पडतं आणि ते फाटत नाही. व्हॉल्व्ह घातला की नट हातानं घट्ट करा, पक्कड लावू नका. जास्त आवळलं की बुडाचं रबर तिरकं दबतं, आणि वाटेत कधी ट्यूब घालायची वेळ आली तर नट निघत नाही.

शेवटची गोष्ट वेळखाऊ आहे पण मी ती कधी टाळत नाही. टायरमध्ये ट्यूब घालून हवा भरा आणि रात्रभर ठेवा. ट्यूबच्या दाबानं टेप सगळीकडं चिकटून बसते. सकाळी एकाच बाजूची कड काढून ट्यूब बाहेर घ्या, दुसरी कड बसलेली राहू द्या. मग व्हॉल्व्ह लावून सीलंट टाका, तुमच्या टायरला १०० मिलिलिटरच्या आसपास, आणि हवा भरा. एक कड आधीच बसलेली असल्यानं साध्या पंपानंही काम होतं.

टायरवाले_बापू
ताईंनी शब्द न शब्द बरोबर लिहिलंय. हवा पंपानं नाही बसली तर कुठल्याही टायरच्या दुकानात कंप्रेसर असतो, पण सायकलच्या बारीक, म्हणजे प्रेस्टा व्हॉल्व्हला पितळी अॅडॉप्टर लागतो, तो आपला न्या. आणि कंप्रेसरवाल्याला आधीच सांगा की ही सायकल आहे. ट्रकच्या टायरमध्ये शंभरच्या वर पीएसआय भरायची त्यांच्या हाताला सवय असते. कड बसताना टक् टक् आवाज येतो, तो आला की थांबायचं. टायरवरचा आकडा ओलांडायचा नाही. रिम फुटली की इजा होते, हे मी ट्रकच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. सायकल लहान म्हणून गंमत समजू नका.

भुसावळकर
एवढं सगळं वाचून मला माझी ट्यूब आणखी आवडायला लागली. पण खरं सांगतो, गरम खिळ्याची युक्ती भारी आहे.

सातपुडा_२९
झालं मंडळी. सगळं ताईंनी सांगितलं तसंच केलं. टपात बुडवलं, एकही फुगा नाही. नंतर चाक दोन्ही अंगांवर बादलीवर आडवं ठेवून थोडा वेळ हलवलं, म्हणजे सीलंट भिंतींनाही लागावं.

एकच शंका उरली. संध्याकाळी फेरी मारून आल्यावर २६ भरली, सकाळी २४ निघाली. परत टपात पाहिलं, फुगे नाहीत. हे दोन कुठं गेले?

पुण्याहून_विनय
कुठंही गेले नाहीत. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. वातावरणाचे सुमारे १४.७ मिळवले तर तुमच्या टायरमधला खरा दाब ४० च्या जवळ. तापमान केल्व्हिनमध्ये ३०० च्या आसपास. बंद टायरमध्ये दाब तापमानाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे दर अंशाला साधारण ०.१३ पीएसआय. संध्याकाळी जळगावात टायर ४० अंशांवर असेल आणि पहाटे २६ वर, तर १४ अंशांच्या फरकानं जवळपास १.८ पीएसआय कमी दिसणारच. शिवाय दरवेळी गेज लावताना थोडी हवा निसटते. दुपारी त्याच टायरला गेज लावा, आकडा परत वर गेलेला दिसेल.

म्हणून गळती तपासायची तर रोज एकाच वेळी मोजा. पहाटे ते पहाटे.

सातपुडा_२९
हे फार कामाचं सांगितलंत. पहाटे ते पहाटे मोजलं. गेजचा काटा जागचा हलला नाही. भरीत पार्टीत ताईंचं ताट पहिलं, मग विनय दादांचं आणि बापूंचं. भुसावळकर भाऊ, तुम्हीही या, ट्यूबवर आलात तरी चालेल.

गिरणाकाठची
येणार! मिरची तुमच्याकडची तिखट असते ना? चाळीसगावहून येताना ताक घेऊन येते. आणि पुढच्या चाकाची टेपही त्याच दुकानात लागली असेल, तीही आताच तपासून घ्या.

नंदुरबारी
उशिरा विचारतोय. माझी ती पट्टी अजून टायरमध्येच आहे. पावसाळा लागला की तोरणमाळला परत जायचंय. उतारावर ती धरेल का, की टायर बदलू?

पांझरेकाठचा
चीर टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या मधल्या गोट्यांत असेल आणि पट्टी घट्ट बसली असेल तर बाहेरचं शेपूट रबराच्या पातळीला कापा आणि खुशाल चालवा. चीर बाजूच्या भिंतीत असेल आणि आतले धागे तुटलेले दिसत असतील तर टायर बदला. भिंत दर वळणाला वाकते, तिथं पट्टी सरकते. टायर उतरवून आतून बघा आणि फोटो टाका, इथंच सांगतो.